कपड्याने बोलावं, पण मोजकं: कंपनातून निरोप देणारी बंडी कशी घडवायची

गर्दीत मागून कुणी डाव्या खांद्यावर बोट टेकवलं, की मान आपसूक डावीकडे वळते. त्यासाठी शब्द लागत नाहीत, पडदा लागत नाही, शिकवणीही लागत नाही. कंपन करणाऱ्या कपड्यांचं सगळं भांडवल एवढंच आहे आणि बहुतेक नवशिके ते पहिल्याच दिवशी उधळून टाकतात. मीही उधळलं होतं. माझ्या पहिल्या जॅकेटात १२ मोटरी होत्या आणि १८ निरोप. ते घालून बघणाऱ्या मित्राने दहा मिनिटांत काढून ठेवलं. म्हणाला, "अंगात मधमाश्यांचं पोळं शिरल्यासारखं वाटतंय. काहीतरी सांगतंय खरं, पण काय ते कळेल तर शपथ."

या लेखात एकच वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत करू: चालणाऱ्याला किंवा सायकलवाल्याला वळणं सांगणारी बिनबाह्यांची बंडी. मोटरी ५, निरोप ५. तुम्हाला दुसरं काही करायचं असेल, आसनात पाठ वाकली की जाणीव देणारा सदरा किंवा बहिऱ्या माणसाला दाराची घंटा कळवणारा पट्टा, तरी पायऱ्या याच राहतात.

आधी निरोप लिहा, मोटरी नंतर आणा

कागदावर तीन रकाने पाडा: निरोप काय, तो किती तातडीचा, आणि तो चुकला तर काय बिघडेल. तिसरा रकाना बहुतेक जण गाळतात, पण यादीला कात्री तोच लावतो. चुकला तरी काही बिघडत नाही असा निरोप अंगावर देऊच नका. त्याच्यासाठी फोन आहे.

आमच्या बंडीची यादी अशी उरली: डावीकडे वळ, उजवीकडे वळ, थांब, वळण बरोबर घेतलंस, बॅटरी संपत आली. "सरळ जा" यात नाही. सरळ जायचं तेव्हा बंडी गप्प राहते. एक अडचण मात्र आहे: गप्प बंडी आणि बंद पडलेली बंडी अंगावर सारखीच लागते. म्हणून वळण पार पडलं की एक छोटी टिचकी द्यायची. त्यातून शाबासकी मिळते आणि बंडी जिवंत असल्याचंही कळतं.

"पाचच? त्वचा एवढी मठ्ठ आहे का?" असं कुणी विचारेल. तर नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रँक गेल्डार्ड यांनी १९५७ मध्ये छातीवर ५ कंपक लावून एक लिपीच रचली होती. ५ जागा, ३ जोर आणि ३ कालावधी, असे एकूण ४५ संकेत. सरावलेला माणूस त्यातून मिनिटाला ३८ शब्दांपर्यंत वाचू शकला. म्हणजे त्वचा शिकते. पण तो प्रयोगशाळेत बसलेला, चिकाटीने सराव केलेला माणूस होता, रहदारीत सायकल चालवणारा नव्हता. बंडी घालून दोन मिनिटांत बाहेर पडणाऱ्या माणसाला चार ते सहा निरोप पेलतात. त्यापुढे तो ओळखणं सोडून अंदाज बांधायला लागतो.

त्वचेला काय कळतं

जलद कंपन टिपण्याचं काम मुख्यतः त्वचेत खोलवर असलेले पॅसिनियन कण करतात. साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात ते सर्वांत तल्लख असतात आणि बाजारातल्या बहुतेक छोट्या कंपन मोटरी याच पट्ट्याच्या आसपास चालतात. पण या कणांची हद्द मोठी असते. कंपन झालं हे ते चोख सांगतात, नेमकं कुठे झालं ते ढोबळ सांगतात. शिवाय कंपन त्वचेतून आणि हाडातून पसरतं. त्यामुळे पाठीवर जवळजवळ लावलेल्या दोन मोटरी घालणाऱ्याला एकच वाटतात.

दोन टोकं वेगळी जाणवायला बोटाच्या पेरावर २-३ मिमी अंतर पुरतं. पाठीवर तेच अंतर ४० मिमीच्या घरात जातं. ही मोजणी स्थिर टोचणीची आहे, कंपनाला त्याहून ऐसपैस जागा द्यावी. कमरेभोवती कंपक लावून कोलेविआक, ब्रिल आणि श्वाब यांनी २००४ मध्ये केलेली चाचणी मला फार उपयोगी पडली. कमरेभोवती १२ कंपक असताना लोकांनी जागा सुमारे ७४ टक्के वेळा बरोबर ओळखली, ८ असताना ९२ टक्के आणि ६ असताना ९७ टक्के. मोटरी वाढवल्या की माहिती वाढते हा समज इथेच गळून पडतो. त्याच चाचणीत बेंबी आणि मणका या दोन जागा खुंटीसारख्या ठरल्या, त्यांच्याजवळचं कंपन लोक अधिक अचूक सांगत.

आणखी तीन गोष्टी लक्षात असू द्या. शरीर हलत असताना त्वचेची जाण मंदावते, म्हणून टेबलाशी बसून "मस्त जाणवतंय" म्हणणारा माणूस जिना चढताना तेच कंपन चुकवतो. मांडी यात विशेष दगा देते. दुसरं, एकसारखं चालू असलेलं कंपन काही वेळाने जाणवेनासं होतं, जसा अंगावरचा सदरा आपल्याला दिवसभर जाणवत नाही. तिसरं, वय वाढतं तशी जलद कंपनाची जाण कमी होते आणि मधुमेहामुळे नसांवर परिणाम झालेल्या माणसात ती आणखी घटू शकते. तुमच्या पंचविशीतल्या त्वचेवर ठरवलेला जोर सत्तरीतल्या माणसाला पोचेलच असं धरून चालू नका.

मोटर कोणती घ्यायची

नाण्याच्या आकाराची ईआरएम मोटर सगळ्यांत सोपी. तिच्या पोटात एका बाजूला जड असलेलं वजन फिरतं आणि त्याने ती थरथरते. व्यास १० मिमी, जाडी ३ मिमीच्या आसपास, ३ व्होल्टवर साधारण ६० ते ९० मिलिअँपिअर. दिला विजेचा दाब की फिरली, कसले लाड नाहीत. तिचे दोष दोन. एक, ती वेग घ्यायला ५० ते १०० मिलिसेकंद घेते, त्यामुळे त्याहून छोटी टिचकी देऊ गेलात तर ती पुरती जागीही होत नाही. दोन, तिचा जोर आणि कंपनसंख्या एकमेकांना बांधलेली असतात. दाब कमी केला की दोन्ही खाली येतात.

एलआरए मोटरीत वजन स्प्रिंगवर खालीवर झुलतं. ती चटकन सुरू होते, चटकन थांबते, टिचकी कुरकुरीत लागते. पण तिला उलटसुलट होणारा प्रवाह हवा आणि तोही तिच्या स्वतःच्या कंपनसंख्येला जुळणारा. ती बहुधा १५० ते २३५ हर्ट्झमध्ये कुठेतरी असते. थोडं इकडेतिकडे झालं की जोर धपकन पडतो. म्हणून तिच्यासोबत डीआरव्ही२६०५एल सारखी चालक चिप घ्यावी. ही चिप जुळवणी स्वतः करते आणि तिच्यात १२३ तयार नमुनेही असतात. या चिपचा पत्ता, म्हणजे तिला ज्या क्रमांकाने हाक मारायची तो, पक्का असतो, बदलता येत नाही. त्यामुळे पाच मोटरींसाठी पाच चिपा एकाच तारेवर लावल्यात तर पाचही जणी एकदम "हजर" म्हणतील. मध्ये टीसीए९५४८ए हा आठ वाटांचा वाटाड्या लावला की प्रश्न मिटतो.

पिझो पट्ट्या, म्हणजे वीज दिली की वाकणाऱ्या पट्ट्या, पातळ आणि देखण्या असतात, पण त्यांना शंभर व्होल्टच्या आसपासचा दाब लागतो. अंगावर घालायच्या पहिल्या प्रयोगात त्यांच्या वाटेला जाऊ नये.

पहिली बंडी ईआरएमवर करा. कापड, जागा आणि निरोप जमले की एलआरएवर जा. उलट क्रमाने गेलात तर महागड्या मोटरी सैल कापडात घुमत राहतील.

जागा आणि कापड

निम्मं काम इथे आहे आणि इलेक्ट्रॉनिक्सवाली मंडळी नेमकी इथेच घाई करतात.

मोटर त्वचेला टेकलेली नसेल तर ती मोटर नाहीच, नुसता आवाज आहे. पाठीच्या मधोमध मणक्याची पन्हळ असते. सैल बंडीचं कापड तिथे पुलासारखं ताणलेलं राहतं आणि मधली मोटर अधांतरी लोंबते. फळ्यांवर, म्हणजे खांद्याच्या मागच्या हाडांवर, कंपन हाडात शिरून सगळीकडे पसरतं. गळपट्टीच्या हाडाजवळ तर ते कानापर्यंत जातं आणि माणूस कंपन "ऐकतो". म्हणून आमची बंडी वरून सैल आहे आणि आतून कमरेला एक रुंद इलॅस्टिकचा पट्टा आहे. मोटरी सगळ्या त्या पट्ट्यात.

जागा अशा काढा. बंडी घालणाऱ्याच्या कमरेचा घेर मोजा आणि त्याचे आठ सारखे भाग करा. घेर ८४ सेंमी असेल तर दर १०.५ सेंमीवर एक खूण येईल. त्या आठांपैकी पाचच वापरायच्या: मणका, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि दोन्ही कुशी. पुढच्या तीन जागा मोकळ्या, तिथे चेन येते आणि पोट कमीजास्त होत राहतं. खुणा टेपने न करता खडूने अंगावरच्या पट्ट्यावर करा, कारण इलॅस्टिक टेबलावर आणि अंगावर वेगवेगळं मोजतं. दोन जणांत एकच बंडी वापरायची असेल तर मोटरींच्या पिशव्या वेल्क्रोवर सरकत्या ठेवा.

आता पट्टा शिवायचा. इलॅस्टिकला आतून अस्तराचा नेफा जोडा, परकराला नाडीसाठी असतो तसाच. मोटरीसाठी नेफ्यात छोट्या चौकोनी पिशव्या शिवा. त्वचेकडचा पदर पातळ सुती किंवा जाळीदार, बाहेरचा पदर जाड. मोटरीच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे त्वचेच्या उलट बाजूला, फोमची चकती ठेवा. ती मोटरीला आत दाबते आणि कंपन बंडीच्या कापडात पसरू देत नाही. फोम चुकून त्वचेच्या बाजूला गेला तर सगळं कंपन तोच खाऊन बसतो. पाचही मोटरी एका ताठ पट्टीवर कधीही बसवू नका. मग कुठलीही वाजवा, सगळी पट्टीच थरथरते.

आधी सगळं कच्च्या टाक्यांनी जोडा, घालून चालून बघा, वाकून बघा, खुर्चीत रेलून बसून बघा, आणि मगच टीप मारा. मणक्याची मोटर खुर्चीच्या पाठीवर येते. ती टोचत असेल तर दोन बोटं खाली सरकवा.

तारांबद्दल एक खास सूचना. नाणे मोटरीच्या तारा केसासारख्या बारीक असतात आणि जिथे त्या मोटरीतून बाहेर येतात तिथेच तुटतात. माझ्या अनुभवात बिघाडाचं पहिलं कारण हेच. मोटर हातात आल्याबरोबर, चालवून बघण्याच्याही आधी, त्या जागी सिलिकॉनचा किंवा गरम गोंदाचा थेंब टाका. पुढची तार नेफ्यात नागमोडी घालून झिगझॅग टाक्याने धरा, म्हणजे इलॅस्टिक ताणलं तरी तारेवर ओढ येत नाही.

वीज: धाग्याच्या मोहात पडू नका

चांदीचा मुलामा दिलेला वाहक धागा बघितला की कुणालाही वाटतं, तारा कशाला, सगळं शिवूनच टाकू. गणित करून बघा. समजा धाग्याचा रोध मीटरला ५० ओहम आहे. मोटर अर्धा मीटर लांब, म्हणजे जाऊन येऊन एक मीटर. ७५ मिलिअँपिअर वाहायला धाग्यातच ३.७५ व्होल्ट खर्ची पडतील. ३.७ व्होल्टच्या बॅटरीत मोटरीसाठी काय उरलं? काहीच नाही. वाहक धागा स्पर्शाच्या बटणासाठी उत्तम आहे, मोटरीसाठी सिलिकॉनचं वेष्टण असलेली, अनेक पदरी, मऊ तार घ्या.

ईएसपी३२ सारख्या सूक्ष्मनियंत्रकाच्या पायाला मोटर थेट जोडू नका, एवढा प्रवाह त्याला झेपत नाही. प्रत्येक मोटरीसाठी ३.३ व्होल्टवर पूर्ण उघडणारा एक मॉस्फेट (विजेची इलेक्ट्रॉनिक कळ), मोटरीला उलटा जोडलेला एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा), आणि मॉस्फेटच्या गेटपासून, म्हणजे ती कळ उघडणाऱ्या पायापासून, जमिनीला (बॅटरीच्या ऋण टोकाला) १० किलोओहमचा रोधक. हा रोधक पुष्कळ जण विसरतात आणि मग बंडी चालू करताच नियंत्रक जागा होईपर्यंत मोटरी उगाच खेकसतात. यूएलएन२००३ ही सात वाटांची चिप सोयीची वाटते, पण ती स्वतःच व्होल्टभर दाब गिळते. ३ व्होल्टच्या मोटरीला ते परवडत नाही.

जोर कमीजास्त करायला पीडब्ल्यूएम वापरा, म्हणजे वीज फार वेगाने चालू-बंद करणं. त्याचा वेग २० किलोहर्ट्झच्या आसपास ठेवा. हजार हर्ट्झला ठेवलात तर मोटर बारीक किणकिणते आणि शांत खोलीत लोक तुमच्याकडे बघतात. भरलेली बॅटरी ४.२ व्होल्ट देते, मोटर ३ व्होल्टची, म्हणून वरची मर्यादा ७१ टक्क्यांवर बांधून टाका.

बॅटरी किती पुरेल? एका वळणाच्या निरोपात तीन मोटरी मिळून साधारण एक सेकंद चालतात असं धरा. ७५ मिलिअँपिअर एक सेकंद म्हणजे ०.०२ मिलिअँपिअर-तास. अशी ५० वळणं घेतली तरी जेमतेम एक मिलिअँपिअर-तास. ५०० च्या बॅटरीला हे चिमूटभर मीठसुद्धा नाही. खरी खादाड आहे ती ब्लूटूथची जोडणी. तेव्हा मोटरी वाचवण्यात डोकं न घालवता रेडिओला झोपवायला शिका.

मोटर सुरू होताना मात्र क्षणभर जास्त प्रवाह ओढते. पाचही एकदम सुरू झाल्या की दाब खाली जातो आणि नियंत्रक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. "थांब" म्हणतानाच बंडी बेशुद्ध पडते. पुरवठ्यावर २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा आणि मोटरी २० मिलिसेकंदांच्या अंतराने सुरू करा. त्वचेला तो फरक कळत नाही.

लिथियम-पॉलिमर बॅटरी संरक्षक सर्किटवालीच घ्या. तिचा खिसा बंडीच्या बाहेरच्या बाजूला, घामापासून आणि घड्यांपासून दूर ठेवा. बंडी अंगात असताना ती चार्ज करायची नाही आणि फुगलेली दिसली तर पुन्हा वापरायची नाही. मोटरींमध्ये चुंबक असतात, म्हणून पेसमेकर बसवलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा कपडा घालू नये.

कंपनाचं व्याकरण

निरोप वेगवेगळे भासवायला तुमच्या हातात चार गोष्टी असतात: जागा, लय, सरक आणि जोर. हा क्रम मी मुद्दाम लावला आहे. जागा सगळ्यांत भरवशाची. जोर सगळ्यांत बेभरवशाचा, कारण पट्टा दोन बोटं सैल झाला की "जोरदार"चं "हलकं" होतं. फक्त जोरात फरक असलेले दोन निरोप कधीच करू नका.

सरक ही यातली गंमतीची चीज आहे. दोन शेजारच्या मोटरी एकाच वेळी सारख्या जोराने वाजवल्या तर कंपन दोघींच्या मधल्या जागेत झाल्यासारखं वाटतं. एकीमागून एक वाजवल्या तर कुणी बोट ओढत नेल्यासारखं. गेल्डार्ड आणि शेरिक यांनी १९७२ मध्ये त्याचा आणखी एक खेळ दाखवला: मनगटावर काही झटपट टिचक्या, मग लगेच कोपराकडे काही, आणि माणसाला वाटतं की छोटा ससा हातावरून टुणटुण उड्या मारत गेला. मध्ये जिथे काहीच नव्हतं तिथेही.

आपल्याला ओढ हवी आहे. किती अंतराने पुढची मोटर सुरू केली की तुटक न वाटता ओढ वाटेल? इस्रार आणि पोपिरेव्ह यांनी २०११ मध्ये त्याचं एक सूत्र दिलं: प्रत्येक कंपनाचा कालावधी गुणिले ०.३२, त्यात ४७ मिलिसेकंद मिळवा. १६० मिलिसेकंदांच्या कंपनाला हे साधारण ९८ येतं, म्हणजे १०० धरा. ईआरएम मोटर आळशी असल्यामुळे मी १०० ते १३० मध्ये हाताने जुळवून घेतो.

तर आपले निरोप:

• डावीकडे: मणका, डावी पाठ, डावी कूस. प्रत्येकी १६० मिलिसेकंद, सुरुवाती १०० च्या अंतराने. ही ओढ दोनदा, मध्ये ३०० मिलिसेकंदांची विश्रांती.
• उजवीकडे: तेच, उलट बाजूला.
• थांब: पाचही मोटरी, २०० मिलिसेकंदांचे तीन ठोके, मध्ये १५० ची उसंत, पूर्ण जोर.
• बरोबर: मणक्यावर एकच १२० मिलिसेकंदांची टिचकी.
• बॅटरी: दोन्ही कुशींवर आलटूनपालटून दोन-दोन टिचक्या, आणि तीही माणूस थांबलेला असतानाच.

वेळेचं गणित इथे फार महत्त्वाचं. सायकल ताशी १५ किमीने जात असेल तर ती सेकंदाला सव्वाचार मीटर पुढे सरकते. निरोप पूर्ण व्हायला आणि डोक्यात उतरायला दोन सेकंद धरले तर आठेक मीटर गेले. म्हणून पहिली सूचना ४० ते ५० मीटर आधी, दुसरी १५ मीटरवर. खडबडीत रस्त्यावर सायकलचेच हादरे कंपन झाकून टाकतात, तेव्हा एकच सूचना देऊन भरवशावर राहू नये.

एक मोठा सापळा राहिलाच. डाव्या कुशीत कंपन झालं, म्हणजे "डावीकडे ये" की "डावीकडे धोका आहे, सरक उजवीकडे"? दोन्ही अर्थ लोकांना नैसर्गिक वाटतात. जर्मनीतल्या ओस्नाब्रुक विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या पट्ट्यात उत्तरेकडची मोटर सतत वाजते, तिथे कंपन म्हणजे "ती दिशा इकडे". अमेरिकन नौदलाने वैमानिकांसाठी केलेल्या कंपन-बनियनात कंपनातून विमान कोणत्या बाजूला कलतंय ते कळतं, आणि तिथे अनेकदा त्या कंपनाच्या विरुद्ध दुरुस्ती करावी लागते. एका कपड्यात दोन्ही पद्धती मिसळलात तर अपघात ओढवून घ्याल. ओढ मणक्यापासून कुशीकडे नेण्याचा एक फायदा असा, की तिच्यात "इकडे चल" हा अर्थ नुसत्या थरथरीपेक्षा जास्त स्पष्ट असतो.

प्रोग्राम लिहिताना

नमुने तक्त्यात ठेवा: कोणती मोटर, कधी सुरू, किती वेळ, किती जोर. प्रोग्राम घड्याळ बघत तो तक्ता वाचत राहील. "इतका वेळ थांब" अशा आज्ञा पेरत गेलात तर डावीकडेची ओढ पूर्ण होईपर्यंत "थांब" ताटकळत बसेल. "थांब" आला की चालू असलेलं सगळं तोडायचं. शिळा निरोप टाकून द्यायचा, वळण मागे गेल्यावर "वळ" म्हणण्यात काय अर्थ? एका निरोपानंतर दीड-दोन सेकंद दुसरा येऊ द्यायचा नाही, "थांब" सोडून.

आणि बंडीला घालणाऱ्याची हालचाल कळू द्या. १९६९ मध्ये पॉल बाख-य-रिता यांनी खुर्चीच्या पाठीत २० ओळी आणि २० स्तंभांत ४०० कंपक बसवून अंध व्यक्तींच्या पाठीवर कॅमेऱ्याचं चित्र उमटवलं. त्यातला धडा असा, की कॅमेरा स्वतः हलवता आला तेव्हाच लोकांना पाठीवरची थरथर समोरची वस्तू वाटू लागली. आपल्या बंडीत वळणं टिपणारा एक छोटा जायरोस्कोप टाका. माणूस वळायला लागला की सूचना तिथल्या तिथे थांबवायची. सूचना आणि हालचाल अशी एकमेकांना बांधली गेली की शिकवावं लागत नाही, अंग आपोआप शिकतं.

चाचणी: टेबलाशी नाही, जिन्यात

स्वतःवर केलेली चाचणी धरायची नाही. तुम्हाला उत्तर माहीत असतं.

वेगवेगळ्या बांध्याची, वेगवेगळ्या वयाची पाच-सहा माणसं घ्या. प्रत्येकाच्या कानावर हेडफोन लावा आणि खरखराट ऐकवा. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण मोटरीचा आवाज कुठल्या बाजूने येतोय यावरून लोक उत्तर देतात आणि तुम्हाला वाटतं, त्वचेने ओळखलं. मग प्रत्येक निरोप दहादा, क्रम विस्कटून द्या. उत्तरं एका तक्त्यात मांडा: आडव्या ओळीत दिलेला निरोप, उभ्या स्तंभात ओळखलेला. कर्णावर आकडे जमले तर छान. कर्णाबाहेर एखाद्या घरात गर्दी दिसली तर ते दोन निरोप जुळ्या भावंडांसारखे आहेत, त्यातल्या एकाची जागा बदला. लय बदलून भागेल अशी आशा बहुधा फोल ठरते.

हीच चाचणी उभं राहून, चालताना, जिना चढताना आणि आत जाड सदरा असताना पुन्हा करा. अर्ध्या तासाने आणखी एकदा. शेवटी आकडे बाजूला ठेवून विचारा, "कुठल्या निरोपाचा वैताग आला?" माझ्या एका बंडीत "बरोबर"ची टिचकी दर वळणाला इतकी ठसठशीत होती, की ती घातलेली ताई म्हणाली, "हा कपडा माझी पाठ थोपटतोय की मला हाकतोय?" जोर निम्म्यावर आणला आणि तक्रार संपली.

जोर प्रत्येकासाठी वेगळा लावावा लागतो. बंडी पहिल्यांदा चालू केली की मोटर हळूहळू वाढवत न्या आणि घालणाऱ्याला "जाणवलं" म्हणायला सांगा. त्या पातळीच्या बरंच वर, पण दचकवणार नाही अशा ठिकाणी रोजचा जोर ठेवा. पाचही मोटरींना हे वेगवेगळं करा, मणका आणि कूस सारखं जाणवत नाहीत.

धुणं आणि डागडुजी

पट्टा बंडीला टिचबटणांनी जोडा आणि नियंत्रक-बॅटरी वेगळ्या डबीत ठेवा, म्हणजे बंडी बिनधास्त धुता येते. पट्टा ओल्या फडक्याने पुसायचा. प्रत्येक मोटरीच्या पिशवीची एक बाजू वेल्क्रोची ठेवा, कारण मोटर मरणारच आहे आणि तेव्हा अख्खी टीप उसवायचा कंटाळा येतो. पट्टा गुंडाळून ठेवायचा, त्याची घडी घालायची नाही.

कुणाच्या हातात कळ

दूरवरून मिठी पाठवणारा शर्ट क्यूटसर्किट या संस्थेने पूर्वीच करून दाखवला. कल्पना गोड आहे. पण दुसऱ्याच्या अंगावर कंपन उमटवण्याची कळ कुणाच्या हाती आहे, हा प्रश्न मोटर निवडण्याआधी विचारायला हवा. तुमची बंडी फोनशी जोडलेली असेल तर फक्त जोडी जमवलेल्या फोनचंच ऐकेल असं करा. कुठे गेलो, कुठे वळलो याची नोंद बंडीत ठेवायची गरज नसते, ठेवू नका. आणि बंद करायचं बटण पुढच्या खालच्या काठाला, उजव्या हाताला सहज लागेल तिथे बसवा, त्याभोवती जाड दोऱ्याचा उठावदार गोल टाका घाला. हातमोजे घातलेले असोत की अंधार असो, बोटांना ते न बघता सापडलं पाहिजे.